पोरगं ‘करलं’ म्हणतंय! भाषा डोक्यात चालते तरी कशी?

मंगळवारपेठी
मंडळी, घरात वाद पेटलाय म्हणून धागा काढतोय. पुतण्या साडेतीन वर्षांचा आहे. दिवाळीपर्यंत ‘मी केलं’, ‘बाबा गेला’ असं नीट बोलायचा. आता अचानक ‘मी करलं’, ‘बाबा जाला’ सुरू झालंय. पुण्याहून आत्या आल्या होत्या, त्यांनी सरळ निकाल दिला: कोल्हापूरची भाषा कानावर पडून पोर बिघडलं, आत्तापासून वळण लावा. आईनं पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढं सरकवून विषय बदलला, पण प्रश्न राहिलाच. आमच्या घरात काय, गल्लीतसुद्धा ‘करलं’ कुणी म्हणत नाही. मग हे आलं कुठनं? आणि आधी बरोबर बोलणारं पोर मागं कसं जाईल? सायकोलिंग्विस्टिक्स की काय म्हणतात त्यातलं कुणी असेल तर साध्या मराठीत सांगा.

अक्षरवेडी
दादा, पोर मागं गेलेलं नाही, पुढं गेलंय. आत्यांना सांगा पेढे वाटा.

आधी तो ‘केलं’ म्हणायचा ते ऐकलेला शब्द तसाच उचलून. मधल्या काळात त्यानं शेकडो क्रियापदं ऐकली: बस-बसलं, पड-पडलं, धर-धरलं, भर-भरलं. त्यावरनं त्यानं स्वतःच नियम काढला की शेवटी ‘लं’ लावायचं. तो नियम सापडल्याच्या आनंदात तो सगळीकडं लावतोय, ‘कर’लाही आणि ‘जा’लाही. ‘केलं’ आणि ‘गेला’ हे अपवाद आहेत, त्याचा काय दोष? हळूहळू अपवाद पुन्हा जागेवर बसतात. जगभरातल्या भाषांत पोरं हेच करतात. तुम्ही म्हणता तसं ‘करलं’ घरात कुणी बोलत नाही, हाच तर पुरावा आहे. जे कुणाकडनं ऐकलंच नाही ते नक्कल करून येणार कुठनं?

सायकोलिंग्विस्टिक्स, मराठीत मनोभाषाविज्ञान, म्हणजे ढोबळपणे एवढंच: माणूस भाषा शिकतो कशी, ऐकलेलं समजतो कशी, बोलायचं ते तोंडापर्यंत आणतो कशी, आणि हे सगळं मेंदूत कुठं नि किती वेळात होतं. व्याकरणाचं पुस्तक भाषा कागदावर बघतं, हे लोक ती चालू असताना बघतात.

करून बघायचं असेल तर एक जुना प्रयोग आहे. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन बाईंनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याचं नाव सांगितलं ‘वग’. मग दोन प्राणी दाखवून म्हणाल्या, आता इथं दोन काय आहेत? बहुतेक मुलांनी इंग्रजी अनेकवचन बरोबर केलं. तो शब्द बर्कोबाईंनीच बनवलेला, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच मिटला. मराठीत करा. एक वेडंवाकडं चित्र काढा, नाव ठेवा ‘बोटका’. दुसऱ्याचं नाव ‘गुडूक’. आणि नुसतं अनेकवचन विचारू नका, ‘खाऊ कुणाला द्यायचा?’ हेही विचारा. मराठीची खरी गंमत तिथं आहे.

रंकाळा_कट्टा
एवढं कशाला डोस्कं चालवायचं? आमच्या टायमाला कुणी शिकवलं न्हाई, तरी बोलतोयच की. आपोआप येतंय सगळं.

अक्षरवेडी
@रंकाळा_कट्टा, ‘आपोआप’ म्हणजे काय, यावरच तर साठ-सत्तर वर्षं भांडण चालू आहे! मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी 1957 च्या पुस्तकात मांडलं की भाषा ही सवय आहे: बरोबर बोललं की शाबासकी, त्यातनं ती पक्की होते. 1959 मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी त्या पुस्तकाचं असं परीक्षण लिहिलं की पुस्तकापेक्षा परीक्षणच जास्त गाजलं. त्यांचं म्हणणं, पोराच्या कानावर जे पडतं ते तुटकं-फुटकं असतं, त्यावरनं एवढं व्याकरण उभं राहत नाही, काहीतरी जन्मतःच आत असलं पाहिजे.

मग 1996 मध्ये सॅफ्रन, अॅस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं अर्थहीन अक्षरांची सलग माळ ऐकवली. मध्ये थांबा नाही, कुठल्या अक्षरावर जोर नाही. तरी कोणतं अक्षर कोणत्या अक्षरामागनं नेहमी येतं हे बाळांनी पकडलं, आणि बनावट ‘शब्द’ नि शब्दांच्या सीमेवरचे तुकडे वेगळे ओळखले. म्हणजे शिकण्याची ताकदही भलतीच मोठी आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर दोन्ही बाजू निम्म्या बरोबर आहेत, पण हे परीक्षेत लिहिलं की मार्क कापतात.

वडगावची_लेक
मला आत्यांच्या मुद्द्यावर बोलायचंय. मी लग्न होऊन मुंबईला आलो. (बघा, ‘आलो’च लिहिलं.) आमच्याकडं बायका ‘मी जातो, मी आलो, मी जेवलो’ असंच बोलतात. इथं ऑफिसात पहिल्या दिवसापासनं चेष्टा. ‘तुला लिंग कळत नाही का?’ इथपर्यंत ऐकून घेतलंय. हे पण पोराच्या ‘करलं’सारखंच का? म्हणजे आम्हाला अपवाद कळलेच न्हाईत?

अक्षरवेडी
ताई, अजिबात नाही. हे दोन्ही एका टोपलीत घालू नका. तुम्ही कधी ‘ती गेला’ म्हणता का? ‘आई आला’?

वडगावची_लेक
छे! ‘आई आली’च म्हणणार. ‘आई आला’ कोण म्हणतंय?

अक्षरवेडी
झालं मग. लिंग कळत नसतं तर ते सगळीकडं घसरलं असतं. तुमचा नियम काटेकोर आहे: बोलणारी स्वतःबद्दल बोलत असेल तर ‘आलो, जातो’, तिसऱ्या माणसाबद्दल असेल तर स्त्रीलिंग-पुल्लिंग वेगळं. इंग्रजीत ‘मी’च्या क्रियापदात लिंग दिसतच नाही, तिथं कुणी चेष्टा करत नाही. भाषेचा शास्त्रीय अभ्यास करणारा माणूस आधी बघतो की समोरचा नियमानं बोलतोय का. तो नियम पुण्याच्या नियमासारखा आहे का, हा प्रश्न शाळेचा आणि समाजाचा, डोक्याचा नव्हे.

पन्हाळ्याचा_पावसाळा
+१. माझी बहीण मुलाखतीत ‘येते’ म्हणते आणि बाहेर पडून फोनवर ‘येतो गं’. दोन गिअर आहेत नुसते.

सीमाभागी
निपाणीहून. आमच्या घरात आजी कन्नड, आई मराठी, शाळा इंग्रजी, पोरं दुकानात हिंदी झाडतात. माझी मुलगी पावणेदोन वर्षांची, सहा-सात शब्द बोलते, त्यातले काही कन्नड. शेजारी म्हणतात दोन भाषांनी पोर गोंधळलंय, आजीला सांगा मराठीतच बोला. आजी हिरमुसली आहे. खरं काय?

वाचा_उपचार
मी स्पीच थेरपिस्ट आहे, कोल्हापुरातच काम करते. आजीला कन्नडच बोलू द्या. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं असं दिसत नाही. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांचे मिळून मोजा, नाहीतर उगाच कमी वाटतात.

सहा-सात शब्द या वयाला थोडे कमीच आहेत, पण घाबरून जाण्याइतके नाहीत. लक्ष ठेवायचं ते असं: बोट दाखवते का, नावानं हाक मारल्यावर वळते का, सांगितलेलं समजतं का. दोन वर्षं होईपर्यंत दोन शब्द जोडून (‘दूध दे’, किंवा कन्नड ‘बा’ म्हणजे ‘ये’ घालून ‘आज्जी बा’) बोलली नाही तर थांबू नका, दाखवा. आणि सगळ्यात आधी कान तपासा. सर्दीनं कानात पाणी साठून कमी ऐकणारी पोरं माझ्याकडं ‘हट्टी’ म्हणून आणली जातात. नावाला वळत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील तर दोन वर्षांची वाटसुद्धा बघायची नाही.

अक्षरवेडी
@सीमाभागी, तुमच्या भागाला तर या शास्त्रात मानाचं पान आहे. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. गम्पर्झ आणि विल्सन यांचा 1971 चा लेख भाषाविज्ञान शिकणारी पोरं जगभर वाचतात. गावात कन्नड, मराठी, उर्दू शतकानुशतकं शेजारी. घरात आपापली भाषा, शेतात नि बाजारात एकमेकांची. होता होता तिन्हींची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेच्या वाक्यातले शब्द काढून दुसरीचे घातले तरी वाक्य उभं राहतं. शब्द मात्र कुणी सोडले नाहीत, कारण शब्दावरनं माणूस कुणाचा ते कळतं.

दोन भाषांच्या फायद्याबद्दल सुवर्णा अल्लादी यांचा हैदराबादचा 2013 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांत एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षर रुग्णांतसुद्धा. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांत असं सापडलेलं नाही, त्यामुळं ‘कन्नड बोला, स्मृतिभ्रंश टाळा’ अशी पाटी लावू नका.

मंगळवारपेठी
प्रयोग केला!! पुतण्याला चित्र दाखवलं. ‘हा बोटका. आता दोन...?’ झटक्यात म्हणाला ‘बोटके’. ‘खाऊ कुणाला?’ ‘बोटक्याला’. आम्ही गार. गुडूकचं ‘दोन गुडूक’ म्हणाला, खाऊ ‘गुडूकला’. त्याची सात वर्षांची बहीण मागनं ओरडली, ‘गुडूकला नाही रे, गुडकाला!’

अक्षरवेडी
अहाहा. ताईसाहेबांनी ‘बेडूक-बेडकाला’ची घडी ‘गुडूक’ला लावली. मधला ‘ऊ’ जातो आणि शेवटी ‘आ’ येतो हे तिला कुठल्या बाईंनी फळ्यावर शिकवलं असेल? आणि धाकट्याकडं ‘बोटक्या’ तयार आहे, ‘गुडका’ अजून नाही. ‘घोडा-घोड्याला’ छापाचे शब्द कानावर जास्त पडतात म्हणून तो छाप आधी पक्का झाला असावा. असं ताजं निरीक्षण घरबसल्या मिळतंय, वही करा.

गुजरीकर
माझा प्रश्न मोठ्या माणसांचा आहे. आमच्या मातोश्री काल घाईत मला म्हणाल्या, ‘अरे, दुधामध्ये फ्रिज ठेव.’ सगळे हसले. वय झालं म्हणून काळजी करायची का?

अक्षरवेडी
काळजी नको, हे वाक्य मात्र मला द्या, फ्रेम करते. नीट बघा. म्हणायचं होतं ‘फ्रिजमध्ये दूध ठेव’. ‘फ्रिज’ आणि ‘दूध’ यांनी जागा बदलल्या, पण ‘मध्ये’ जागचं हललं नाही. म्हणजे वाक्याचा सांगाडा (कुठं ‘मध्ये’ येणार, कुठं क्रियापद) वेगळा तयार होतो आणि शब्द त्यात नंतर बसवले जातात. नुसतं पाठोपाठ बोलायचं असतं तर ‘फ्रिजमध्ये’ हा अख्खा तुकडा उडी मारून गेला असता.

आता दुसरी गोष्ट. त्या ‘दूधमध्ये’ म्हणाल्या नाहीत, ‘दुधामध्ये’ म्हणाल्या. शब्द चुकीच्या खणात पडला, पण पडल्यावर त्या खणाला शोभेल असं सामान्यरूप झालं, ‘दू’चा ‘दु’ होऊन ‘आ’सुद्धा लागला. म्हणजे रूप घडवायचं काम शब्द जागेवर बसल्याच्या नंतरचं आहे. कपाळाला तार न लावता, निव्वळ एका घसरलेल्या वाक्यावरनं आतल्या कामाचा क्रम कळला. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी 1971 मध्ये अशाच घसरलेल्या वाक्यांवर लेख लिहिला, तो या विषयाचा पाया मानतात. मेरिल गॅरेट यांनी 1975 मध्ये त्यातनं बोलण्याचे टप्पे मांडले.

आपण सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो, तेही हजारो शब्दांच्या साठ्यातनं निवडून. घसरण हजार शब्दांत एखादी होते. आश्चर्य असलंच तर ती एवढी कमी का होते याचं.

गुजरीकर
लई भारी. मातोश्रींना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या ‘मग दूध ठेवलंस का?’

पन्हाळ्याचा_पावसाळा
आणि नाव जिभेवर असतं पण येत नाही, ते? ‘म’वरनं आहे, तीन अक्षरी आहे, इथपर्यंत कळतं, नाव मात्र रात्री झोपताना आठवतं.

अक्षरवेडी
ब्राउन आणि मॅकनील, 1966. त्यांनी हेच दाखवलं की नाव हाताला लागत नसताना पहिलं अक्षर आणि अक्षरांची संख्या बऱ्याचदा बरोबर सांगता येते. अर्थ एका जागी, आवाज दुसऱ्या जागी, मधला दुवा तेवढ्यापुरता सैल. वयाबरोबर हे वाढतं, विशेषनामांत जास्त.

शाहूपुरीचे_काका
थोडं गंभीर विचारतो. थोरल्या बंधूंना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. बोलणं जवळजवळ बंद. पाणी हवं असेल तर ‘ते... ते...’ एवढंच. पण आकडे म्हणायला लावले तर एक ते दहा सुरळीत, हरिपाठ लावला की बरोबर गुणगुणतात, आणि नर्सनं सुई टोचली तेव्हा कोल्हापुरी शिवी अगदी स्वच्छ आली. घरचे म्हणतात, मुद्दाम बोलत नाहीत. मला ते पटत नाही.

वाचा_उपचार
काका, तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. याला वाचाघात म्हणतात. 1861 मध्ये पॅरिसमध्ये ब्रोका या डॉक्टरांकडं लेबोर्न्य नावाचा रुग्ण होता, त्याला ‘टॅन’ एवढंच म्हणता यायचं, समजायचं मात्र बरंच. मृत्यूनंतर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा. 1874 मध्ये वेर्निके यांनी उलटे रुग्ण दाखवले: घडाघडा बोलतात, पण बोलण्याला अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं समजत नाही. त्यांची इजा आणखी मागच्या भागात. आज एवढी सरळ वाटणी कुणी मानत नाही, लेबोर्न्यच्या जपलेल्या मेंदूचं स्कॅन केल्यावर इजा ब्रोकांना दिसली त्यापेक्षा खोल निघाली. तरी सुरुवात तिथनं झाली.

आकडे, हरिपाठ, शिवी ही घोटून बसलेली भाषा. ती नवं वाक्य जुळवण्याच्या वाटेनं येत नाही, म्हणून वाचते. ‘पाणी द्या’ हे मात्र दर वेळी नव्यानं जुळवावं लागतं. घरच्यांना सांगा: बंधूंच्या समोर त्यांच्याबद्दल ते नसल्यासारखं बोलू नका, त्यांना समजत असण्याची शक्यता मोठी आहे. हो-नाहीचे प्रश्न विचारा, उत्तराला वेळ द्या, शब्द तोंडातनं हिसकावून घेऊ नका. सुरात बांधून छोटी वाक्यं म्हणून घेण्याची पद्धत आहे, काहींना उपयोग होतो. थेरपी जितकी लवकर तितकं चांगलं.

आणि बाकी सगळ्यांसाठी: तोंड वाकडं, हातात जोर नाही, बोलणं अडखळलं, असं अचानक दिसलं तर घरी मालिश करत बसू नका. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

शाहूपुरीचे_काका
उपकार झाले. आज संध्याकाळी घरात सगळ्यांना बसवून वाचून दाखवतो.

संस्कृतवाले_सर
चर्चा उत्तम. प्राचीन व्याकरणकार भर्तृहरीनं ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात स्फोट मांडला आहे: ध्वनी एकेक करून येतात आणि विरतात, अर्थ मात्र अखंड वाक्याचा एकदम प्रकटतो. हे सगळं आपल्याकडं आधीच होतं.

अक्षरवेडी
सर, प्रश्न आपल्याकडं होता आणि फार टोकदार होता, यात वाद नाही. मोजमाप नव्हतं. आज डोक्यावर तारा लावून मिलिसेकंदात बघतात, आणि त्यात अर्थ वाक्य संपायची वाट बघत नाही असं दिसतं. ‘मिसळीबरोबर दोन मोजे’ असं ऐकलं की ‘मोजे’पासनं साधारण 400 मिलिसेकंदांवर मेंदूच्या विद्युतलहरीत ठळक खड्डा दिसतो. कुटास आणि हिलयार्ड यांनी 1980 मध्ये हा शोधला, त्यांच्या वाक्यात पावाला मोजे लावले होते. म्हणजे ‘मिसळीबरोबर’ ऐकल्याबरोबर पावाची तयारी आत झालेली असते.

आपल्याकडं क्रियापद शेवटी येतं, म्हणून हे जास्त रंगतं. हे वाक्य मनातल्या मनात वाचा:

आईनं बाळाला दूध पाजणाऱ्या बाईला हाक मारली.

रंकाळा_कट्टा
आयला, ‘पाजणाऱ्या’ला येऊन ठेचकाळलो. तवर मी आईलाच दूध पाजायला बसवलं होतं.

अक्षरवेडी
तेच. ‘नं’, ‘ला’ दिसले की डोकं क्रियापदाची वाट न बघता कोण-कुणाला-काय हे लावून मोकळं होतं. पुढं ‘पाजणाऱ्या’ आलं की मांडलेला डाव मोडून पुन्हा मांडावा लागतो. डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रावर अशा जागी नजर रेंगाळते, मागं जाते. हिंदीवर असं काम जर्मनीतल्या पॉट्सडॅमचे श्रवण वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलंय. मराठीवर फार थोडं झालंय. कुणी पोरं-पोरी एमए करत असतील तर मैदान मोकळं आहे. म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान आहे, पुण्यात डेक्कन कॉलेजचा भाषाविज्ञान विभाग आहे, चौकशी करा.

वडगावची_लेक
मी मात्र अडखळलो न्हाई. मोठ्यानं वाचलं. ‘आईनं’ म्हटल्यावर आपोआप थांबलो, आणि ‘बाळाला दूध पाजणाऱ्या बाईला’ एका दमात गेलं.

अक्षरवेडी
बरोबर, तो थांबाच वाक्य सोडवतो. बोलताना आपण कुठं श्वास सोडतो, कुठं सूर वर नेतो, त्यावरनं ऐकणाऱ्याला कोणता तुकडा कुणाशी बांधायचा ते कळतं. कागदावर तो थांबा गळून पडतो. पण तुम्ही पहिल्याच वाचनात योग्य जागी थांबलात, म्हणजे डोळे आवाजाच्या पुढं जाऊन ‘पाजणाऱ्या’ बघून आले होते. मोठ्यानं वाचताना नजर तोंडाच्या दोन-तीन शब्द पुढंच चालते. आता हेच वाक्य घरात कुणाला तरी सपाट आवाजात, कुठंही न थांबता वाचून दाखवा, आणि ‘दूध कोण पाजत होतं?’ एवढंच विचारा.

वडगावची_लेक
सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, ‘आई.’ नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, ‘कुणाचं बाळ?’